जरा दुकानावर बसता का?

वकिलीच्या पहिल्या वर्षी मी घराच्या ओसरीवर पाटी लावली आणि तिच्यावर 'कोर्टाची सर्व प्रकारची कामे केली जातील' असं हौसेने लिहून घेतलं. बायको म्हणाली, "ही कल्हईवाल्याची पाटी वाटते." मला राग आला, पण पाटी मी बदलली नाही. कारण ती खरीच होती. हातोदच्या दोन भावांचा बांध, कुणाचं मृत्युपत्र, कुणाच्या पिठाच्या गिरणीचं लायसन, भागीदारीचा करारनामा लिहिणं आणि सहा महिन्यांनी तोच मोडणं, असं काहीही माझ्याकडे यायचं. एकदा तर खजरान्याच्या गणपतीला नवस फेडायला गेलेल्या दोन कुटुंबांत चपलांच्या अदलाबदलीवरून मारामारी झाली आणि दोन्ही पक्ष माझ्याकडेच आले. मी दोघांनाही चहा पाजला आणि एकाला परत पाठवलं. कुणाला पाठवलं ते मला आज आठवत नाही, त्याला मात्र नक्की आठवत असेल.

मध्य प्रदेश तेव्हा नवा कोरा होता. कुठकुठले मुलूख एकत्र बांधून राज्य केलेलं, त्यामुळे हाकिमांच्या बदल्या राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला व्हायच्या. आमच्या कोर्टात आलेले न्यायाधीश जबलपूरच्याही पलीकडून आले होते. माणूस सरळ, इंग्रजी स्वच्छ, आवाज हळू. पण इंदूर म्हणजे काय चीज आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साक्षीदार पिंजऱ्यात चढल्यावर आधी "साब, तबीयत कैसी है?" असं का विचारतो, हे त्यांना महिनाभर कळलं नव्हतं.

अशा काळात बटणवाले काका माझ्याकडे आले.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत काकांचं दुकान होतं. रुंदी साडेचार फूट, खोली आठ फूट. बटणं, हुक, रिळं, नाड्या, लेस, गोटा-किनार. काकांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे पाठीचा कणा घराण्यातून आलेला. बटणं विकतानासुद्धा ते अशा थाटात बसायचे, की गिऱ्हाइकाने मुजरा करूनच डझनभर हुक मागावेत. वय साठीच्या आसपास, डोक्यावर काळी टोपी, बोलणं मोजकं.

त्या गल्लीत एक रीत होती, ती आधी सांगितली पाहिजे. दुकानदाराला मधेच उठायचं असलं तर तो दुकानाला फळ्या लावत नसे. भरदिवसा फळ्या दिसल्या की गल्लीत चौकशी सुरू व्हायची, कोण गेलं म्हणून. त्यापेक्षा समोर जो दिसेल त्याला तो इंदुरी थाटात 'भैया'चा 'भिया' करून म्हणायचा, "भिया, जरा दुकानावर बसता का, आलोच." आणि तो माणूस बसायचा. ओळख असली तर उत्तम, नसली तरी चालायचं. भाव डब्यांवर लिहिलेले असायचे. मीही बसलो आहे. काळ्या कोटाचं बटण आणायला म्हणून गेलो होतो, आणि पाऊण तासात एका नवरीच्या ओढणीला लागणारी सगळी किनार विकून बाहेर पडलो. माझं बटण आणायचं राहिलंच.

काका रोज दुपारी उठायचे. मिलचा बाराचा भोंगा झाला की टोपी नीट करायची, खाली उतरायचं आणि चालू लागायचं. तेव्हा बहुतेक एक निवृत्त शाळामास्तर दुकानावर बसत. ते फुकट वर्तमानपत्र वाचायला यायचेच, तर बसून वाचायचे. एवढंच.

दुकानाच्या जागेचे मालक एक शेठजी होते. त्याच गल्लीत समोर त्यांची कापडाची पेढी. मुलीचं लग्न झालं, आणि जावयाला रेडिओचं दुकान काढायची स्वप्नं पडायला लागली. जागा राजवाड्याजवळच पाहिजे. शेठजींनी आमच्या बारमधले सर्वांत ज्येष्ठ वकील गाठले. त्यांनी कायदा चाळला आणि बरोबर बोट ठेवलं. भाडेकरूने मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर जागा खाली करून घेता येते. झालं. शाळामास्तर पोटभाडेकरू ठरले आणि काकांना नोटीस आली.

काका नोटीस घेऊन आले आणि ती टेबलावर ठेवून समोर बसले. मी विचारलं, "काका, बाराला उठून तुम्ही जाता कुठे?"

"ते कोर्टाला कशाला पाहिजे?"

"कोर्टाला नको असेल, मला पाहिजे."

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "घरी जातो. हिला लकवा झालाय, उजवी बाजू गेली. सहा वर्षं झाली. सकाळी-संध्याकाळी मी असतोच, दुपारी कोण भरवणार? शेजारीण चांगली आहे, पण ही दुसऱ्याच्या हातून घासच घेत नाही. घर पाच मिनिटांवर आहे. हे दुकान गेलं आणि दुसरीकडे, समजा छावणीत वगैरे मिळालं, तर मी बाराला घरी कसा पोहोचू, वकीलसाहेब?"

मी टेबलावर हातच मारला. "अहो, मग झालंच की! काकूंच्या डॉक्टरचा कागद लावतो, शेजारणीची साक्ष घेतो—"

"नाही." काकांची पाठ आणखी ताठ झाली. "तिचं नाव कोर्टात निघणार नाही. तिच्या आजाराची चारचौघांत चर्चा नको. आणि ही केस चालू आहे हे तिला कळता कामा नये. घास उतरणार नाही तिचा. हे कबूल असेल तर वकालतनाम्यावर सही करतो, नाहीतर दुसरा वकील बघून घेतो."

मी कबूल केलं. तरुण होतो, आणि खोटं कशाला बोलू, बारमधल्या ज्येष्ठांना एकदा तरी हरवायची खुमखुमी होती. काकूंचं नाव न घेता नुसत्या रिवाजावर केस जिंकून दाखवतो असं मी स्वतःला सांगितलं. मूर्ख होतो.

आधी मास्तरांची उलटतपासणी झाली. ज्येष्ठांनी गोड आवाजात विचारलं, "आप रोज़ दुकान पर बैठते हैं?"

"रोज." मास्तर आयुष्यात खोटं बोलले नव्हते आणि त्यांना सुरुवात करायची नव्हती.

"माल बेचते हैं?"

"विकतो ना. गिऱ्हाईक आलं तर काय त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवू?"

कोर्टात हशा पिकला. मग मी माझे बाकीचे साक्षीदार उभे केले, हा गल्लीचा रिवाजच आहे हे सिद्ध करायला. पानवाला आला. "मी पण बसतो, साब." शिंपी आला, तोही बसत होता. बँडवाला आला, अत्तरवाला आला, मोडी वाचून देणारे एक पेन्शनर आले. सगळे बसणारे. प्रत्येकाला माझ्या बाजूने बोलायचा इतका उत्साह होता, की दोनदा बसलेला माणूस "रोजच बसून राहिलो आहे" म्हणून सांगायचा. ज्येष्ठ फक्त एकच प्रश्न विचारायचे, "याने आप भी माल बेचते हैं?" आणि उत्तर आलं की माझ्याकडे बघून मान लववायचे.

अकराव्या साक्षीदारानंतर न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "वकील साहब, दुकान साढ़े चार फुट की है, और ये ग्यारहवाँ उपकिरायेदार है. आप बचाव कर रहे हैं या दावा साबित कर रहे हैं?" मग थोडा विचार करून म्हणाले, "मैं मौका देखूँगा."

मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. माझं धाबं दणाणलं. आदल्या दिवशी मी गल्लीत जाऊन सगळ्यांना दम दिला की उद्या कुणीही काकांच्या दुकानावर बसायचं नाही, फिरकायचंसुद्धा नाही. मास्तरांना तर वर्तमानपत्र विकत आणून दिलं आणि घरी बसवलं. या हुशारीबद्दल मी स्वतःवर फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला न्यायाधीश टांग्यातून उतरले, बरोबर कोर्टाचा कारकून, म्हणजे पेशकार, आणि मोजायची टेप. ज्येष्ठ छत्री घेऊन हजर, शेठजी पेढीवरून उतरून हजर. गल्ली मात्र रिकामी, म्हणजे प्रत्येकजण आपापल्या दुकानात, पण मान बाहेर. दुकान मोजून झालं. न्यायाधीशांनी डबे पाहिले, डब्यांवरचे भाव पाहिले, काकांना चार प्रश्न विचारले. काकांनी चार शब्दांत चार उत्तरं दिली. सगळं कसं छान चाललं होतं.

तेवढ्यात मिलचा भोंगा झाला.

काका उठले. टोपी नीट केली. सहा वर्षांची सवय ती, कोर्ट समोर उभं आहे हे त्यांच्या पायांना माहीत नव्हतं. खाली उतरून त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दुकानासमोर मास्तर नाहीत, पानवाला नाही, शिंपी नाही, कारण मीच सगळ्यांना लांब राहायला सांगितलेलं. सर्वांत जवळ उभे होते न्यायाधीश.

"साहेब, जरा दुकानावर बसता का? आलोच," काका म्हणाले, आणि गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले.

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या गादीकडे पाहिलं. काय वाटलं त्यांना कोण जाणे. ऊन चढलं होतं आणि ते बराच वेळ उभे होते. ते बसले.

मिनिटभरात एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात शिवायला टाकलेलं पोलकं. गर्दीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "भियाजी, इस रंग के बटन दिखाओ."

"देखिए, मैं दुकानदार नहीं हूँ," न्यायाधीश म्हणाले.

"तो बैठे क्यों हो? जल्दी करो, बच्चा घर पे रो रहा है."

त्यांनी हात लांब करून एक डबा काढला. बाईने नाक मुरडलं. दुसरा काढला, तो फिका पडला. आता मात्र साहेबांना चेव आला. त्यांनी पोलकं उजेडात धरलं, चष्मा वर केला आणि मागच्या फळीवरून तिसरा डबा ओढला. रंग बरोबर जुळला. बाई खूश झाली. "आप अच्छे हो. वो काका तो एक ही डब्बा दिखाते हैं," असं म्हणून सहा बटणं घेऊन निघून गेली. न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, तसं मी कोर्टात कुठलाही निकाल देताना पाहिलं नाही.

मग त्यांना आपण कोण आहोत हे आठवलं. आवाज एकदम करडा झाला. "प्रतिवादी गया कहाँ?"

प्रश्न मला होता. उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते सांगितलं तर आम्ही तिथल्या तिथे जिंकत होतो. पण मी शब्द दिलेला. "साहेब, ते... येतीलच," मी म्हणालो.

"मैंने पूछा, कहाँ गया?"

मी खाली मान घालून उभा राहिलो. ज्येष्ठांनी संधी साधली. "हुज़ूर, साफ़ है. मौका-मुआयने के बीच से भाग गया. इसे दुकान से मतलब ही नहीं, दुकान तो मास्टर चलाता है."

आणि इथे शेठजी भडकले. त्यांना दुकान पाहिजे होतं, शंभर टक्के पाहिजे होतं. पण आपल्या गल्लीतल्या माणसाबद्दल परक्या हाकिमाला कुणी चुकीची माहिती द्यावी, हे त्यांना सहन होईना. "भागा कहाँ, वकील साब? कुछ भी बोलते हो! घर गया है. घरवाली को लकवा है बिचारी को, अपने हाथ से जिमाता है. छह साल से रोज जाता है साब, बारिश हो, कुछ हो. पौन घंटे में आ जाएगा."

ज्येष्ठ जोरात खोकले. शेठजींना वाटलं, त्यांना उन्हाचा त्रास होतोय.

"और तब तक दुकान पर?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तब तक कोई भी बैठ जाता है. मास्टर बैठता है, पानवाला बैठता है. मैं ही बैठता हूँ कभी-कभी, उसमें क्या है!"

ज्येष्ठांनी कपाळावर हात मारला तो आवाज मला अजून ऐकू येतो. पेशकार भराभरा लिहीत होता. शेठजींना आपण काय केलं हे कळायला चांगला अर्धा मिनिट लागला, आणि कळल्यावरही त्यांनी शब्द मागे घेतला नाही. तेवढं त्यांचं मानलं पाहिजे.

काका बरोबर पाऊण तासाने परत आले. शर्टाच्या बाहीवर वरणाचा डाग. गादीवर हाकीम, भोवती गर्दी, आणि ते रोजच्यासारखं विचारतात, "कोणी आलं होतं का?"

"एक बाई आई थी. छह बटन ले गई," असं सांगून न्यायाधीश उठले आणि काकांना जागा करून दिली.

त्या दिवसापासून काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. माझी बाजू ऐकून न घेता त्यांनी ठरवलं, की मीच शेठजींना पढवलं. मला फार लागलं ते. सबंध कारकिर्दीत एकदाच मी अशिलाचा शब्द जिवावर बेतेपर्यंत पाळला होता, आणि त्याच्याच बद्दल मला बोल लागला. गल्लीतून जाताना मी नमस्कार करायचो, ते रिळं मोजायला लागायचे.

दावा फेटाळला गेला. निकाल इंग्रजीत, चार पानांचा. त्या दिवशीही काका कोर्टात नुसते मान हलवून निघून गेले. आणि रविवारी सकाळी अचानक ओसरीवर उभे. फौजी पाठ पहिल्यांदाच थोडी वाकलेली.

"शेठजी घरी येऊन सांगून गेले, की बोलले ते स्वतः. तुम्ही नाही," ते म्हणाले. "माझं चुकलं."

"जाऊ द्या हो काका."

"पण ते आले आणि हिला सगळं कळलं. केस, कोर्ट, सगळं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता म्हणते, माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला ऐकायचंय. मला इंग्रजी कुठे येतं? तुम्ही चला." आवाज असा, जणू कोर्टापुढची खरी पेशी आता त्यांचीच होती.

मी निकालाची नक्कल घेऊन गेलो. काकू खिडकीशी खाटेवर टेकून बसल्या होत्या. पातळ नीट नेसवलेलं, केस विंचरलेले, भांग मात्र थोडा वाकडा. एका पुरुषाने काढलेला भांग तो. बोलणं अस्पष्ट, त्यामुळे त्यांचं वाक्य काका पुन्हा बोलून दाखवायचे.

मी तो भाग मराठीत सांगितला. प्रतिवादी गेली सहा वर्षे दररोज दुपारी घरी जाऊन आपल्या आजारी पत्नीस स्वतःच्या हाताने जेवू घालतो. एवढ्यासाठी उठून गेलेल्या माणसाने आपले दुकान दुसऱ्याच्या ताब्यात दिले, असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही.

काकूंनी डाव्या हाताने खूण केली. पुन्हा वाचा. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांना काय काय वाटलं असेल! ज्या बाईचं नाव चारचौघांत निघू नये म्हणून दुकान घालवायला माणूस तयार होता, ती बाई सरकारी कागदातला आपला उल्लेख ऐकून लग्नातल्यासारखी लाजत होती.

मग त्या काहीतरी म्हणाल्या. काकांनी ते बोलून दाखवलं नाही.

"काय म्हणतात काकू?" मी विचारलं.

"मला कळलं नाही."

काकूंनी सगळा जोर लावून परत सांगितलं, आणि या वेळी मलाही नीट कळलं. "मिठाचं नाही का लिहिलं?"

"कसलं मीठ?" काका वळले.

"वरणात. कमी असतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"सहा वर्षं?" काका खाटेच्या कडेवर बसले. "आणि एकदा बोलली नाहीस?"

काकूंना पुढचं वाक्य बोलायला बराच वेळ लागला. "दुकान टाकून... धावत येता. घाम असतो. काय सांगायचं?"

काका रडले. चांगले हुंदके देऊन रडले, माझ्यासमोर. मीही कागदात तोंड घातलं. काकूंचा डावा हात काकांच्या बाहीवरून फिरत होता. जरा वेळाने त्यांनी टोपी काढून त्याच टोपीने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"वकीलसाहेब, याच्यावर अपील होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "हा निकाल अंतिम."

काकू अर्ध्या तोंडाने हसल्या, आणि काका मीठ आणायला स्वयंपाकघरात गेले.